आखाजी आहेच, मैदान कुठे आहे?

वैशाख शुद्ध तृतीयेला इतर महाराष्ट्राची पावले सराफाच्या दुकानाकडे वळतात. खानदेशात त्या दिवशी आखाजी असते. अमळनेरच्या आसपासच्या गावांत कडुनिंबाच्या आडव्या फांदीला दोर टाकले जातात. एक जण बसते, दुसरी तिच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी राहते आणि गुडघे वाकवत झोका चढवते. मुऱ्हाळी पाठवून आणलेल्या लेकी, त्यांच्या बाळपणच्या मैत्रिणी, गल्लीतल्या पोरी, सगळ्या गौराईच्या गाण्यात. घरात खापरावरचे मांडे आणि आमरस. बहिणाबाई चौधरींना आखाजीवर कविता सुचली ती उगाच नव्हे.

सालदाराचे वर्षही याच दिवशी संपते आणि नव्या सालाचा बोल होतो. त्यामुळे वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यालाही हा दिवस मोकळा. पुरुषमंडळींनी ही मोकळीक पत्त्यांच्या डावावर उधळावी आणि १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याला काम लावावे, ही आखाजीची उणी बाजू. तीही सांगितलीच पाहिजे.

हे सगळे आठवायचे कारण ११ जून. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ मार्च २०२४ रोजी ठराव करून हा दिवस ‘आंतरराष्ट्रीय खेळ दिवस’ म्हणून नेमला. त्यामागे १९८९ च्या बालहक्क संहितेचे ३१ वे कलम आहे. मुलाला विश्रांतीचा, फावल्या वेळाचा आणि खेळण्याचा हक्क आहे, असे ते सांगते. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. ठराव कुणावर बंधनकारक नाही. शिवाय तारीख आपल्या सोयीची नाही. तेव्हा शाळांना उन्हाळी सुट्टी असते आणि शिवारात कपाशीची धांदल. आखाजी येते ती रब्बी आवरल्यावर, खरिपाच्या आधी, जेव्हा माणसाला खरोखर सवड असते. ज्यांनी हा दिवस धरला त्यांना शेतीचे वेळापत्रक पाठ होते.

आपल्याकडे खेळाच्या नावाचे दिवस आहेत. २९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीचा राष्ट्रीय क्रीडा दिन, १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांच्या जयंतीचा राज्य क्रीडा दिन. दोन्ही योग्यच, पण त्यांचा रोख पदकांकडे. सहज, हरल्या-जिंकल्याविना, शेजारपाजारच्यांना घेऊन खेळण्याचा दिवस सरकारी यादीत नाही. तो आणायला संसदेत कायदाच हवा असेही नाही. सरकारने ठरवून जाहीर केले की पुरते. एखाद्या खासदाराने खासगी विधेयक मांडलेच, तर त्याने जुना हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा: स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये.

सुट्टीची वाट वेगळी. राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्या जाहीर होतात त्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली, म्हणजे मुळात हुंडी-धनादेशांच्या कायद्याखाली. त्या यादीत आखाजी नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती काही स्थानिक सुट्ट्या असतात. आखाजीला सरकारी सुट्टी मिळायची तर ती त्या वाटेने.

पण मला दिवसाची चिंता कमी वाटते. लोकांनी राखलेला दिवस सरकारी परिपत्रकापेक्षा टिकाऊ असतो, हे आखाजीने दाखवले आहे. अडते ते जागेशी. ब्रिटनमधल्या वेल्सने इथे शहाणपण केले. २०१० च्या कायद्याने तिथे स्थानिक पालिकांवरच जबाबदारी टाकली: आपल्या हद्दीतल्या मुलांना खेळायला पुरेशी संधी आहे का, हे दर तीन वर्षांनी तपासा आणि कमी असेल तिथे शक्य तेवढी वाढवा. तिथे भाषणापेक्षा हिशेब द्यावा लागतो.

आपला हिशेब विकास आराखड्यात असतो. नगरपालिका नकाशात अमुक भूखंड ‘क्रीडांगण’ म्हणून आरक्षित करते. जमीन खासगी असते, पालिकेकडे पैसे नसतात, वर्षे जातात. मग १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ लागू पडते. अंतिम आराखडा अमलात येऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत की आरक्षण संपले. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, पुढे बारा झाली, आता चोवीस आहे. मालकाची जमीन फुकट अडकवून ठेवू नये, हा या कलमामागचा विचार रास्तच आहे. मात्र पालिका ढिम्म राहिली तर नकाशातले मैदान कायदेशीर मार्गानेच नाहीसे होते, आणि बातमीसुद्धा होत नाही.

अमळनेरात सखाराम महाराजांचा यात्रोत्सव वैशाखातच, आखाजीच्या मागोमाग येतो. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि बोरी नदीच्या पात्रात दुकाने. माणसे भेटतात, पोरे हुंदडतात. ही जत्रा टिकली त्याला श्रद्धा हे कारण आहेच. पण नदीचे पात्र कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हते, हेही आहे. कडुनिंबाचे झाड आणि त्याखालची चार हात जागा मात्र नव्या वसाहतींत कुणी ना कुणी आखून घेतलेली असते.

म्हणून खेळाच्या राष्ट्रीय दिवसाची मागणी करणाऱ्यांनी ती जरूर करावी, आमची सही समजा. त्याआधी एक काम करा. आपल्या नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन मंजूर विकास आराखडा पाहा. क्रीडांगणाची आरक्षणे किती, ताब्यात किती आली, आराखडा कोणत्या साली अमलात आला, एवढे टिपून आणा. दहा वर्षे उलटायला किती उरली, ते आपल्या नगरसेवकाला लेखी विचारा.