प्रकाशनवेळ, समाजमाध्यमांवरील
प्रकाशनवेळ, समाजमाध्यमांवरील : फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, यूट्यूब इ. समाजमाध्यमांवर प्रसिद्ध केलेला मजकूर, छायाचित्र वा चित्रफीत अपेक्षित वाचक-प्रेक्षकांपर्यंत पोहोचावी व तीस अधिकात अधिक प्रतिसाद मिळावा, या हेतूने निवडलेला दिवस व तास. लाइक, अभिप्राय, मजकूर पुढे पाठविणे, पाहण्याचा कालावधी इत्यादींवरून प्रतिसाद मोजला जातो. जाहिरातदार, वृत्तपत्रे, नाट्यसंस्था, राजकीय पक्ष, शासकीय खाती आणि एकट्याने काम करणारे कलावंत या सर्वांपुढे हा प्रश्न असतो. ‘सर्वोत्तम वेळ’ म्हणून जी कोष्टके प्रचारात आहेत, त्यांवरून ती एखाद्या मुहूर्ताप्रमाणे सर्वांस सारखीच लागू पडते, असा समज होतो (वास्तविक पंचांगातील मुहूर्तदेखील स्थानपरत्वे बदलतो). प्रत्यक्षात ही वेळ वाचकवर्गाची दिनचर्या आणि माध्यमाची अंतर्गत रचना या दोहोंवर अवलंबून असते.

नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या बाबतीत कार्यक्रमाच्या वेळी श्रोता वा प्रेक्षक उपस्थित असणे आवश्यक असे. त्यामुळे रात्रीच्या ठराविक तासांना विशेष मोल आले. समाजमाध्यमांच्या प्रारंभकाळी स्थिती फारशी निराळी नव्हती. २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्विटरवर (जुलै २०२३ पासून एक्स) सर्वांत नवा मजकूर सर्वांत वर दिसे व जुना खाली ढकलला जाई. वाचक दोन तासांनी आला, तर त्या दोन तासांतील मजकुराखाली आधीचा मजकूर गाडला गेलेला असे. फेसबुकने २०१० मध्ये आपल्या क्रमवारीची जी तत्त्वे विशद केली, त्यांत परस्परसंबंधाची जवळीक, मजकुराच्या प्रकाराचे वजन आणि काळानुसार होणारी घट असे तीन घटक होते; म्हणजे काळ हा तोवर अनेकांतील एक घटक झाला होता. २०१६ मध्ये ट्विटर व इन्स्टाग्राम यांनीही निव्वळ कालक्रम सोडून संभाव्य आवडीनुसार मांडणी करणारा अल्गोरिदम स्वीकारला. मार्च २०२२ मध्ये इन्स्टाग्रामने कालक्रमानुसार पाहण्याचा पर्याय पुन्हा उपलब्ध केला.

या स्थित्यंतरामुळे वेळेचे महत्त्व नाहीसे झाले नाही; ते अप्रत्यक्ष झाले. प्रसिद्धीनंतर लगेच मिळणारा प्रतिसाद हा मजकूर पुढे किती जणांना दाखवावा याचा एक संकेत ठरू शकतो. तथापि सर्व माध्यमांना हे सारखे लागू नाही. चित्रफितीच्या दीर्घकालीन यशावर प्रकाशनवेळेचा थेट परिणाम होत असल्याचे आढळलेले नाही, असे यूट्यूबच्या मार्गदर्शनातच नमूद आहे. शोध व शिफारशी यांद्वारे तेथे जुनी चित्रफीतही पाहिली जाते. उलट थेट प्रक्षेपण किंवा २४ तासांनी नाहीशी होणारी स्टोरी यांच्या बाबतीत तास चुकला, तर प्रेक्षक बऱ्याच अंशी गमावला जातो. व्हॉट्सॲपवरील समूहांत संदेश अद्यापि आगमनाच्या क्रमानेच दिसतात.

मनुष्याच्या दिनचर्येचा ठसा या माध्यमांवर स्पष्ट उमटतो. गोल्डर, विल्किन्सन व ह्यूबरमन यांनी फेसबुकवरील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सु. ३६.२ कोटी संदेशांचा अभ्यास केला (२००७). संदेशांच्या आकृतिबंधानुसार विद्यार्थ्यांचा ‘सप्ताहान्त’ शुक्रवारी दुपारी सुरू होऊन रविवारी दुपारी संपतो, असे त्यांस आढळले. दिनदर्शिकेतील शनिवार-रविवारशी तो जुळत नाही. स्पासोयेविच व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक सुचविण्याच्या पद्धती तपासल्या. सुचविलेल्या वेळा पाळल्यास पोहोच फेसबुकवर कमाल १७ टक्के, तर ट्विटरवर कमाल ४ टक्के वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे आकडे वैयक्तिक वेळापत्रकाचे आहेत, सर्वसाधारण कोष्टकाचे नव्हेत. वाढ उपेक्षणीय नसली, तरी रटाळ मजकूर तीमुळे तरून जाईल अशी ती नाही.

प्रचलित कोष्टकांतील मुख्य दोष संख्याशास्त्रीय आहे. सकाळी दहा वाजताच्या मजकुरास सरासरी प्रतिसाद अधिक दिसला, तरी तो वेळेमुळेच मिळाला असे ठरत नाही. कार्यालयीन वेळेत मजकूर देणारी खाती पुष्कळदा व्यावसायिक, मोठ्या अनुयायीवर्गाची व कसलेल्या हातांची असतात. त्यांचा गुण वेळेच्या खाती जमा होतो. शिवाय चांगला म्हणून जाहीर झालेल्या तासाला सर्वांनीच गर्दी केली, की त्याचा लाभ ओसरतो. अनेक कोष्टके अमेरिकेतील वापरावरून तयार झालेली असून ती भारतात जशीच्या तशी वापरली जातात, हा आणखी एक दोष.

वाचकवर्ग विखुरलेला असल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. भारतीय प्रमाणवेळेनुसार रात्री साडेआठला प्रसिद्ध केलेला मराठी मजकूर दुबईत सायंकाळी सातला, लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारी चारला व न्यूयॉर्कमध्ये सकाळी अकराला पोहोचतो. हिवाळ्यात शेवटच्या दोन शहरांतील वेळ एक तासाने अलीकडे येते. सुटीचे दिवसही एक नसतात. संयुक्त अरब अमीरातींत २०२१ अखेरपर्यंत शासकीय सुटी शुक्रवार-शनिवारी असे, जानेवारी २०२२ पासून ती शनिवार-रविवारी झाली. अशा वेळी सर्वांना सोयीचा एक तास शोधण्यापेक्षा मुख्य वाचकवर्ग कोणता हे आधी ठरविणे श्रेयस्कर.

स्वतःची वेळ शोधण्यासाठी माध्यमांनीच पुरविलेली अनुयायांच्या उपस्थितीची आकडेवारी प्रारंभबिंदू म्हणून उपयोगी पडते. मात्र अनुयायी उपस्थित असणे म्हणजे ते वाचण्याच्या मनःस्थितीत असणे नव्हे. त्यापुढे एकाच प्रकारचा मजकूर काही आठवडे दोन-तीन निरनिराळ्या तासांना आलटून-पालटून द्यावा व अन्य काही बदलू नये. तुलना सरासरीऐवजी मध्यकाने करावी. अनपेक्षितपणे गाजलेली एकच चित्रफीत सरासरी पार बिघडविते. अनुयायी थोडे असलेल्या खात्यांत असा फरक पुष्कळदा निव्वळ योगायोगाचा असतो.

सार्वजनिक सूचनांना हा सारा विचार लागू पडत नाही. धरणातून पाणी सोडण्याची किंवा रेल्वेवाहतूक बंद पडल्याची सूचना मिळताक्षणीच द्यावी लागते. तेथील धोका वेगळा आहे. कालक्रम मोडलेल्या मांडणीत कालची सूचना आज वर येऊ शकते आणि ओसरलेल्या पुराच्या भीतीने माणसे घर सोडतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, खरी सूचना जुनी समजून दुर्लक्षितात. म्हणून दिनांक, वेळ व सूचना कोठवर लागू आहे हे मजकुरातच, चित्र असल्यास त्या चित्रावरच, लिहिणे आवश्यक ठरते. कारण चित्र पुढे पाठविताना सोबतचा मजकूर बहुधा गळून पडतो. परिस्थिती निवळल्यावर मूळ सूचना काढून न टाकता तीवर तसा शेरा देणे सोयीचे असते.

काही वेळा कायद्यानेही मर्यादित केल्या आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ अन्वये मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत निवडणूकविषयक प्रचारावर निर्बंध आहेत. २०१९ मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनी स्वीकारलेल्या ऐच्छिक आचारसंहितेनुसार या कलमाच्या उल्लंघनाबाबतच्या वैध तक्रारींवर तीन तासांत कार्यवाही करण्याचे ठरले. आधी वेळ लावून ठेवलेला मजकूर अशा मुदतीत आपोआप प्रसिद्ध होण्याचा संभव असतो. एखाद्या दुर्घटनेच्या दिवशीही आनंदाची जाहिरात याच रीतीने झळकते. त्यामुळे वेळापत्रक यंत्राकडे सोपविले, तरी ते थांबविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे संस्थेत आधीच निश्चित केलेले असावे लागते.