कुटुंबसभा आणि मुलाचें हित

आईबापांच्या हातून मुलाचें संगोपन नीट होत नसेल, तर त्याची व्यवस्था कोणीं लावावी? सरकारनें कीं आप्तांनीं? न्यूझीलंडमध्यें हा प्रश्न १९८० नंतरच्या दशकांत मोठ्या तीव्रतेनें पुढें आला. तेथील माओरी लोक मुलाला केवळ आईबापांचें न मानतां साऱ्या 'फानाऊ'चें, म्हणजे विस्तृत आप्तपरिवाराचें, मानतात. असें असतां सरकारी अधिकारी मुलांना नेऊन परक्या घरीं किंवा संस्थांत ठेवीत. आजी-आजोबांना, मामाला, आत्येला बहुधा कोणी विचारीतहि नसे. मुलाच्या पोटाची सोय होई. पण भाषा, नातीं आणि आपण कोणाचे हें भान तुटे. जॉन रांगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा, 'अरुणोदय' अशा अर्थाचें नांव असलेला अहवाल १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत या व्यवस्थेवर कठोर टीका होती. लगेच १९८९ सालीं नवा कायदा झाला.

या कायद्यानें कुटुंबसभेची पद्धति घालून दिली. एक संयोजक आप्तांना एकत्र आणतो. प्रथम जाणकार मंडळी मुलाविषयींची सारी माहिती सभेपुढें ठेवतात, आणि मग कुटुंबानें थांबविलें नाहीं तर बाहेर जातात! आप्तांनीं आपसांत ठरवावयाचें: मूल कोठें राहील, शाळा व औषधपाणी कोण पाहील, आईबापांना कोणतें साहाय्य हवें. मूलहि सभेस येऊं शकतें. ठरलेली योजना मुलाच्या हितास बाधक असेल, तर ती मान्य होत नाहीं. एकमत न झाल्यास प्रकरण न्यायालयाकडे जाऊं शकतें.

यांत नवें तें काय, असें वाचक म्हणतील. पोरक्या पुतण्याला काकानें वाढविल्याचीं उदाहरणें आपल्याकडे थोडीं नाहींत. परंतु आपल्या घरच्या बैठकींत बहुधा कशाचा खल होतो? खर्च कोणीं सोसावा, मिळकतीचें काय, लोक काय म्हणतील! बापाचें व्यसन घराच्या अब्रूसाठीं झांकलें जातें. विधवा आईचा शब्द सर्वांच्या शेवटीं येतो. आणि ज्याच्यासाठीं हें सारें चाललें, तें मूल दाराआड उभें असतें. आप्त जमले म्हणजे मुलाचें हित आपोआप साधतें, असें नाहीं. खरी माहिती उघड मांडणें, मुलाचें ऐकणें, आणि निर्णयावर बाहेरची नजर असणें, या तीन गोष्टींनींच त्या सभेला मोल येतें.

आपल्याकडील १८९० च्या पालक व पाल्य कायद्यांतहि, पालक नेमतांना मुलाचें कल्याण पाहावें आणि तें जाणतें असल्यास त्याची इच्छा विचारांत घ्यावी, असें सांगितलें आहे. मग घरच्या बैठकीनेंच तें कां टाळावें? आपल्या कुटुंबावर असा प्रसंग आला, तर वडीलधाऱ्यांनीं बैठकीस बसण्यापूर्वीं त्या मुलाला जवळ बोलवावें, आणि त्याला कोणाजवळ निर्भय वाटतें, एवढें आधीं विचारावें.