रविवार कोणाचा?

आज रविवारी आपण निवांतपणे ही पुरवणी चाळत असाल, तर त्याचे थोडे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांना द्यायला हवे. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी मालकांकडून रविवारची सुटी मिळवली. हा इतिहास मला ठाऊक होता. पण त्याचे मोल कळले ते हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षे काढल्यावर.

गिरणीला भोंगा होता. तो वाजला की पाळी सुरू, पुन्हा वाजला की सुटली. आमच्याकडे भोंगाच नव्हता. सकाळी दहाला कामावर यायचे; संध्याकाळी सातला निघावे, तर नेमकी तेव्हाच न्यूयॉर्कच्या ग्राहकाची सकाळ उजाडे आणि त्याच्याशी बोलणे ठरलेले असे. घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली. रविवारी जेवताना साहेबांचा फोन आला, तर तो न उचलण्याची सोय नव्हती.

याला केवळ साहेबांचा तिरसट स्वभाव कारण नव्हता. कंत्राट मिळवताना विक्री विभाग ग्राहकाला तारीख देऊन मोकळा होई. सहा महिन्यांचे काम चार महिन्यांत, तेही ठरलेल्या रकमेत! वाढीव तास कागदावर आले, तर नफा कमी दिसणार. म्हणून ‘टाइमशीट’मध्ये दिवसाचे आठच तास भरायचे, अशी तोंडी ताकीद असे. बारा-तेरा तास राबलेला माणूस कागदावर आठ तासांत काम उरकलेला दिसे आणि पुढच्या कामाचा अंदाज पुन्हा याच आकड्यांवरून बांधला जाई.

कुणी कुरकुर केली, तर आवाज चढत नसे. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ‘बांधिलकी कमी’ असा शेरा पडे. प्रत्येक गटातल्या काहींना खालची श्रेणी द्यायचीच, असा दंडक. त्यामुळे सहकाऱ्यांच्या आधी घरी जायलाही माणसे भीत. नोकरी सोडावी, तर ९० दिवसांची नोटीस.

२०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. २०२५ च्या आरंभी लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ९० तासांची भाषा केली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा अभ्यास मात्र सांगतो, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांसाठी दुप्पट वेतनाची तरतूद आहे. पण जे तास नोंदलेच गेले नाहीत, त्यांचे वेतन मागायचे कशाच्या आधारावर? फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन बंद ठेवण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे त्याची चर्चा जरूर व्हावी. पण त्याआधी कर्मचाऱ्याचे खरे तास कागदावर आले पाहिजेत. लोखंडे यांच्या कामगारांना आपण किती राबतो, हे सिद्ध करावे लागत नव्हते. भोंगा साऱ्या गिरणगावाला ऐकू जात होता. वातानुकूलित काचेच्या इमारतीत राबणाऱ्यांना निदान तेवढा पुरावा तरी मिळायला नको का?