पाच ग्रॅमांत एक एकर

काचेच्या दोन उभ्या नळ्या घ्यायच्या, शंभर मिलिलिटर मापाच्या. शेतातली काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून चाळून दोन्हींत दहा-दहा ग्रॅम टाकायची. एकीत पाणी ओतायचं, दुसरीत रॉकेल. काडीने ढवळून अडकलेली हवा काढायची आणि 24 तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती निमूट तळाशी बसलेली दिसते. पाण्यातली मात्र फुगून वर सरकलेली असते. या दोन उंचींतल्या फरकावरून मातीचा फुगवटा काढतात. भारतीय मानकात, आयएस 2720 च्या भाग 40 मध्ये, ही चाचणी दिलेली आहे. बांधकामाआधी ती करायला जेमतेम दोन दिवस लागतात, तरी लहान घरांच्या वाटेला ती फारशी येत नाही.

सुरतेच्या उत्तरेला, तापीपलीकडे, अमरोलीला लागून असलेल्या कोसाडसारख्या भागात अशी माती जागोजाग सापडते. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरचं हे एकेकाळचं शेतीचं गाव आता शहरात मिसळलं आहे. जिथे पिकं उभी होती तिथे कोसाड आवासच्या इमारती उभ्या आहेत. सुरतेत कामधंद्यासाठी आलेली धुळे, जळगाव, नंदुरबारकडची कुटुंबं उधना, लिंबायत, डिंडोलीत मोठ्या संख्येने राहतात. ती आली ती तापीकाठाने धावणाऱ्या भुसावळ-सुरत रेल्वेने. माती त्यांच्या कितीतरी आधी आली होती, खुद्द नदीतून. मुलताईहून निघून सुमारे 724 किलोमीटर वाहणारी तापी खानदेशातला काळा गाळ हजारो वर्षं खाली आणत राहिली. त्यामुळे कोसाडच्या जमिनीला खानदेशची लेक म्हणायला हरकत नाही.

ही माती म्हणजे ज्वालामुखीची राख, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला, त्याचा बेसाल्ट झाला, आणि तो खडक ऊनपावसाने कुजत कुजत ही चिकणमाती तयार झाली. दुसरा समज याहून पक्का आहे: काळी म्हणजे कसदार, म्हणजे शेणखताने भरलेली. प्रत्यक्षात या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही खाली असतो. थोडासाच ह्युमस चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतो आणि सगळ्या मातीला रंग देतो. रंग पाहून खताचा हिशेब करणाऱ्याची फसगत ठरलेली.

मग हिचं खरं भांडवल काय? मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज. नाव फ्रान्समधल्या गावाचं असलं तरी त्याचा व्यवहार इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. त्याचे पापुद्रे साधारण एक नॅनोमीटर जाडीचे, एकावर एक रचलेले. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि तो सांभाळायला मधल्या फटींत कॅल्शियम, सोडियमचे धनभारित आयन बसलेले असतात. पाणी या आयनांभोवती गोळा होतं, फटीत शिरतं आणि पापुद्रे दूर ढकलतं. रॉकेलाच्या रेणूंना या भारांशी देणंघेणं नसतं, म्हणून दुसऱ्या नळीत काही घडत नाही. आतले-बाहेरचे सगळे पृष्ठभाग धरले तर शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचं क्षेत्रफळ आठशे चौरस मीटरपर्यंत जातं. म्हणजे चमचाभर, पाच ग्रॅम शुद्ध खनिजात जवळपास एक एकर! सातबाऱ्यावर न दिसणारा हा एकरच पाणी धरतो, आणि भिंतीही तडकवतो.

उन्हाळ्यात शेताला हाताचा पंजा मावेल एवढ्या भेगा पडल्या की जमीन बिघडली म्हणून लोक हळहळतात. पिकाच्या मुळांना त्या तोडतात हे खरं. पण पहिला जोरदार पाऊस याच भेगांतून थेट खोल उतरतो. वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, पावसात खालची फुगून वर दाबली जाते, आणि वर्षानुवर्षं जमीन स्वतःला उलथत राहते. मृदाशास्त्रात हिला व्हर्टिसॉल म्हणतात. हे नावच मुळी उलटण्याच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलं.

घराच्या बाबतीत हेच उलथणं महागात पडतं. भिंतीला तिरकी चीर गेली की पहिला संशय सिमेंटवर. कधी तो बरोबरही असतो. पण काळ्या मातीवर चीर उन्हाळ्यात रुंदावत आणि पावसाळ्यात मिटत असेल, तर आधी पायाखाली पाहावं. घराच्या कडेची माती भिजून फुगते, मधली कोरडीच राहते, आणि घर एखाद्या फळीसारखं वाकवलं जातं. मोठ्या इमारतीलाच धोका, हाही उलटा समज आहे. जड इमारत स्वतःच्या वजनाने मातीला दाबून ठेवू शकते. उचलले जातात ते ओटे, फरशा, कुंपणाच्या भिंती आणि एकमजली घरं. त्यात न्हाणीचं पाणी एकाच कोपऱ्यात मुरत असेल तर पाहायलाच नको.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे पायात वाळूची जाड भर. वाळू फुगत नाही हे खरं, पण तिच्यातून पाणी सहज आत जातं आणि खालच्या चिकणमातीला मिळतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या प्रश्नावर बरीच वर्षं काम केलं. न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, म्हणजे बऱ्याचदा चांगल्या मुरुमाचा, सुमारे एक मीटर जाड दाबलेला थर खालचा फुगवटा रोखतो, हे त्यांनी दाखवलं. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठी ही पद्धत मानकांतही आली. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने दुसरा उपाय दिला: निमुळता न होता तळाशी कांद्यासारखा फुगलेला काँक्रीटचा खांब. फुगवटा खांबाच्या सुमारे अडीच पट रुंद असतो आणि खांब किमान साडेतीन मीटर खोल नेतात. ऋतूंप्रमाणे ओलावा बदलतो तो वरच्या थरात, त्यामुळे कांदा खालच्या शांत मातीत अडकून राहतो.

शेतात पाण्याचा गैरसमज वेगळा आहे: जास्त पाणी, जास्त ऊस. काकरापार बंधारा आणि 1972 च्या सुमारास पूर्ण झालेलं उकाई धरण यांच्यामुळे दक्षिण गुजरातेत ऊस आणि भाताचं राज्य आलं. पण पाझरलेलं पाणी चिकणमातीतून खाली जात नाही. पातळी वर येते, केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागाशी पोचतं, उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. सांगली-कोल्हापूरकडे याला क्षारपड म्हणतात. सोडियम वाढला की जमीन चोपण होते. अशा वेळी आणखी पाणी सोडून मीठ धुऊन काढावं असं सुचतं. निचऱ्याची वाटच नसेल तर हे पाणी पुन्हा वरच येणार. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याचे प्रयोग म्हणूनच उकाई-काकरापार क्षेत्रातही झाले आणि शिरोळ तालुक्यातही. जिप्समने मीठ विरघळत नाही. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, मग सुटलेला सोडियम निचऱ्याने बाहेर काढावा लागतो. पाइप नसेल तर जिप्समची पोती वाया.

फुगण्याची ही कथा सुरतेजवळच्या हजिऱ्यापर्यंत जाते. तिथे 2022 मध्ये पोलाद कारखान्याच्या मळीपासून, म्हणजे स्टील स्लॅगपासून, सहा पदरी रस्ता तयार झाला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली सुमारे एक लाख टन मळी नैसर्गिक खडीच्या जागी वापरली गेली आणि रस्त्याची जाडी सुमारे 30 टक्क्यांनी कमी ठेवता आली. त्यावरून मळी उचलून कुठेही पसरली की झालं, असं वाटू शकतं. कच्च्या मळीत मोकळा चुना असतो. पाणी लागलं की तोही फुगतो आणि वरचा थर उचलतो. म्हणून मळी आधी फोडून, त्यातलं लोखंड चुंबकाने काढून, महिनोन् महिने उघड्यावर पाण्यात भिजत ठेवतात किंवा वाफ देतात. तिला फुगायचं ते रस्त्याखाली जाण्याआधी, ढिगातच फुगू देतात.