एआय एजंट आणि कंपनीचे दस्तऐवज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

करार, बिले, आराखडे, ठराव आणि पत्रव्यवहार त्यांच्या आवृत्त्यांसह जपून ठेवणारी आणि कोणी काय पाहावे हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली. शेअरपॉइंट आणि अल्फ्रेस्को ही त्यांतली परिचित नावे. एआय एजंट म्हणजे भाषेचे मॉडेल आणि त्याच्या हाती दिलेली साधने : शोध घेणे, फाइल उघडणे, मजकूर वाचणे, प्रसंगी नवी फाइल लिहिणे. ही दोन्ही जोडली की ‘वाहतूक करारात उशिराबद्दल दंड किती?’ या प्रश्नाचे उत्तर फोल्डर न चाळता मिळते. सोय खरी आहे, पण या जोडणीविषयीचे बरेच समज चुकीचे आहेत आणि त्यांतले काही महागात पडणारे आहेत.

पहिला समज असा, की कंपनीची कागदपत्रे आधी मॉडेलला शिकवावी लागतात. बहुतेक जोडण्यांत तसे काही घडत नाही. पॅट्रिक लुईस आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये मांडलेली पद्धत आज सर्वत्र रुळली आहे : प्रश्न आला की त्याच्याशी जुळणारे उतारे शोधायचे, ते प्रश्नासोबत मॉडेलपुढे ठेवायचे आणि त्यांच्या आधारे उत्तर लिहून घ्यायचे. मॉडेल जसेच्या तसे राहते. त्यामुळे करार बदलला तर नवा करार शोधसूचीत आला की पुरते. पुरवठादार कंपनी हा मजकूर पुढे प्रशिक्षणासाठी वापरेल का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर सेवाकरारात लेखी असायला हवे.

सगळा दप्तरखाना एकदम मॉडेलपुढे ओतता येईल, हाही समज टिकत नाही. काही मॉडेल एका वेळी दहा लाख टोकन (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) वाचतात, पण मध्यम आकाराच्या कंपनीचेही दप्तर त्याहून कितीतरी मोठे असते. शिवाय लांबलचक मजकुराच्या मधल्या भागातली माहिती मॉडेलच्या हातून निसटते, असे 2023 च्या एका अभ्यासात आढळले होते. नेमके उतारे निवडणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

शोधासाठी प्रत्येक उताऱ्याचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर केले जाते. हे नुसते आकडे आहेत, त्यांत गोपनीय काय असणार, असे अनेकांना वाटते. 2023 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी अशा आकड्यांवरून मूळ मजकूर परत मिळवून दाखवला. 32 टोकनांच्या उताऱ्यांपैकी 92 टक्के उतारे शब्दशः सापडले. शोधसूचीलाही मूळ फाइलइतकेच संरक्षण लागते.

सर्वांत धोकादायक समज परवानग्यांचा आहे. ‘मूळ प्रणालीत परवानग्या नीट लावलेल्या आहेत, म्हणजे एजंटही त्या पाळणारच,’ असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात घाईने केलेल्या जोडणीत एजंटला एकच सेवाखाते दिले जाते आणि अडचण नको म्हणून त्याला सर्व फोल्डर वाचण्याचा अधिकार असतो. मग प्रश्न कोणीही विचारो, शोध त्या खात्याच्या अधिकाराने होतो. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या दिलेल्या शिपायाकडे कोणीही कोणताही कागद मागावा आणि त्याने तो आणून द्यावा, तसा हा प्रकार. संगणकशास्त्राला हा दोष जुनाच माहीत आहे. नॉर्म हार्डी यांनी 1988 मध्ये त्याचे विवेचन केले होते. उपायही ठाऊक आहे. एजंटने स्वतःच्या नव्हे, तर विचारणाऱ्या व्यक्तीच्या अधिकाराने शोध घ्यावा. ओऑथ 2.0 हे मानक 2012 पासून उपलब्ध आहे आणि वापरकर्त्याच्या वतीने मर्यादित, ठरावीक मुदतीचा अधिकार देण्याची सोय त्यात आहे. परवानगीची तपासणी प्रश्नाच्या क्षणी व्हायला हवी. शोधसूचीत आदल्या रात्री उतरवलेल्या परवानग्यांवर भिस्त ठेवली, तर सकाळी बदली झालेल्या माणसाला दुपारीही जुन्या विभागाचे कागद दिसत राहतात.

यात आणखी एक अडचण दडलेली असते. वेतनाचा तक्ता कधीकाळी चुकून ‘सर्वांसाठी खुला’ ठेवलेला असतो, आणि तो कुठे आहे हे कोणाला माहीत नसल्यामुळेच सुरक्षित राहिलेला असतो. एजंट तो एका प्रश्नात शोधून काढतो. म्हणून जोडणीच्या आधी परवानग्यांची साफसफाई करणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे पाऊल आहे.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, वापरला की जोडणी आपोआप सुरक्षित होते, असेही मानले जाते. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये खुले केलेले हे मानक 2025 मध्ये ओपनएआयनेही स्वीकारले. कोणती साधने उपलब्ध आहेत आणि ती कशी वापरायची, हे त्यामुळे एका ठरावीक रीतीने सांगता येते आणि प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा जोड लिहिण्याचे श्रम वाचतात. पण कोणता कागद कोणाला दाखवावा, हे एमसीपी ठरवत नाही. ती जबाबदारी साधने पुरवणारा एमसीपी सर्व्हर लिहिणाऱ्याची आणि मूळ प्रणालीची.

‘एजंट फक्त वाचतो, काही बदलत नाही, मग धोका कसला?’ हा प्रश्न रास्त वाटतो. धोका वाचण्यातच आहे, कारण वाचलेला मजकूर आणि मिळालेली आज्ञा यांत मॉडेलला खात्रीने फरक करता येत नाही. मजकुरात आज्ञा लपवून याचाच फायदा घेणाऱ्या हल्ल्याला सायमन विलिसन यांनी सप्टेंबर 2022 मध्ये प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिले. जून 2025 मध्ये उघड झालेली, मायक्रोसॉफ्ट 365 कोपायलटमधील ‘एकोलीक’ ही त्रुटी त्याचे ठळक उदाहरण. बाहेरून आलेल्या साध्या ईमेलमध्ये सूचना पेरलेल्या असत. नंतर वापरकर्त्याने काही विचारले की तो ईमेल संदर्भ म्हणून ओढला जाई आणि अंतर्गत माहिती एका दुव्यातून बाहेर पाठवता येत असे. कोणी कशावर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने ती त्रुटी दुरुस्त केली. खासगी माहिती, बाहेरचा अविश्वसनीय मजकूर आणि बाहेर पाठवण्याची वाट ही तीन एकाच एजंटपाशी एकत्र येऊ न देणे, हा विलिसन यांनीच सुचवलेला मार्ग आहे. पुरवठादारांची पत्रे वाचणाऱ्या एजंटकडून बाहेर ईमेल पाठवण्याची सोय काढून घेणे, हे ‘संशयास्पद सूचना पाळू नकोस’ असे त्याला बजावण्यापेक्षा कितीतरी भरवशाचे आहे.

प्रणालीत आहे ते सगळे एजंटला दिसते, हा समज महाराष्ट्रातील कार्यालयांत विशेष फसवा ठरतो. स्कॅन केलेली पाने ही चित्रे असतात. अक्षरओळख करून घेतल्याशिवाय त्यांत शोधण्याजोगा मजकूर नसतो. आणि युनिकोडच्या आधी श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फाँटमध्ये टंकलेली मराठी पत्रे पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी आत इतर चिन्हांच्या संकेतांत साठवलेली असतात. एजंटच्या हाती निरर्थक अक्षरे येतात आणि तो ‘असा कागद आढळला नाही’ असे सांगून मोकळा होतो. त्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हा जोडणीचाच भाग मानायला हवा. मसुदा आणि सही झालेली प्रत यांतला फरकही नोंदीत स्पष्ट लागतो, नाहीतर उत्तर मसुद्यातून येते.

उत्तराखाली फाइलचे नाव आले म्हणजे उत्तर बरोबर, असेही नाही. एजंटपुढे कोणता कागद आला होता एवढेच त्यावरून कळते; अटीचा अपवाद पुढच्या पानावर असू शकतो. रक्कम, मुदत किंवा कायदेशीर बंधन असेल तिथे मूळ पान माणसाने उघडून पाहावे लागते.

जबाबदारी एजंटवर किंवा पुरवठादारावर ढकलता येत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 नुसार हिशेबाची पुस्तके किमान 8 आर्थिक वर्षे जपावी लागतात. तेव्हा फाइल पुसण्याचा अधिकार एजंटला देण्याचे कारणच नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 नुसार माहितीवर प्रक्रिया दुसऱ्या संस्थेकडून करून घेतली, तरी कायद्याच्या पालनाचे उत्तरदायित्व मूळ कंपनीचेच राहते. यासाठी प्रत्येक वाचनाची नोंद विचारणारी व्यक्ती आणि एजंट या दोघांच्या नावे हवी. नुसत्या सेवाखात्याच्या नावे ठेवलेल्या नोंदीवरून तो कागद कोणासाठी उघडला गेला, हे लेखापरीक्षकाला सांगता येत नाही.