माल निघण्याआधीची तारीख

"भारतात पेटंट आहे, आता जगात कुठेही काळजी नाही." वैद्यकीय उपकरणं बनवणारे कितीतरी उद्योजक निर्यातीची तयारी याच भरवशावर करतात. पण पेटंट देशाच्या हद्दीपुरतंच असतं. तेच यंत्र जर्मनीत कोणी बनवून तिथेच विकलं, तर भारतातलं पेटंट त्याला अडवू शकत नाही. 'जागतिक पेटंट' अशी गोष्टच नाही. पीसीटी (पेटंट सहकार्य करार) या कराराखालचा आंतरराष्ट्रीय अर्ज फक्त सवड देतो. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत तो करायचा आणि साधारण ३० महिन्यांच्या आत हव्या त्या प्रत्येक देशात वेगळी फी भरून पुढे जायचं.

याहून महागात पडतो तो दुसरा समज: आधी प्रदर्शनात मांडू, ऑर्डरी आल्या की पेटंटचं बघू. जर्मनीत डुसेलडोर्फला दर नोव्हेंबरात 'मेडिका' हे वैद्यकीय उपकरणांचं प्रदर्शन भरतं. समजा, भोसरीच्या एका कारखान्याने तिथे नवा इन्फ्युजन पंप मांडला. टेबलावर पंप, शेजारी आतल्या रचनेची आकृती छापलेल्या माहितीपत्रकांची चळत, आणि अर्ज अजून कुठेच केलेला नाही. पहिलं पत्रक पाहुण्याच्या हातात गेलं की युरोपच्या कायद्याने त्या रचनेचं नावीन्य संपलं. पत्रक आपलंच होतं, ही सबब तिथे चालत नाही. अमेरिका संशोधकाला अशा वेळी वर्षभराची सवलत देते, युरोप जवळपास देतच नाही.

हळदीची लढाई आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. जखमेवर हळद वापरण्यासाठी १९९५ मध्ये दिलेलं अमेरिकी पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) १९९७ मध्ये रद्द करवलं. पुरावा होता जुन्या लेखी नोंदींचा. त्यात १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. आधी छापलेला कागद पेटंट पाडतो, हे आपणच दाखवून दिलं. भोसरीचं माहितीपत्रकही तसाच कागद आहे.

नावाचं काय? "आमचा ब्रँड सगळ्यांना माहीत आहे" एवढ्यावर चीनमध्ये भागत नाही. तिथे मुख्यतः जो आधी अर्ज करेल त्याचा ट्रेडमार्क. फायझरच्या व्हायग्राला चिनी लोक 'वेइगे' म्हणू लागले, पण ते नाव नोंदवलं ग्वांगचौच्या एका औषध कंपनीने. फायझरने सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली आणि २००९ मध्ये हरली, कारण त्या नावाने तिने स्वतः औषध विकलंच नव्हतं. म्हणून स्थानिक लिपीतलं नाव आपणच ठरवावं आणि आपल्याच कंपनीच्या नावे नोंदवावं. "वितरक करून देईल" म्हणून त्याच्यावर सोडलं, तर नावाचा मालक तोच होऊन बसू शकतो.

अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी किंवा युरोपचं सीई चिन्ह म्हणजेही संरक्षण नव्हे. त्यातून विक्रीची वाट मोकळी होते, नक्कल थांबत नाही. रुग्णालयांचा प्रश्न वेगळा: शस्त्रक्रियेच्या पद्धतीला अमेरिकेत पेटंट मिळू शकतं, भारतात आणि युरोपात नाही. त्यामुळे बाहेर शाखा काढणाऱ्या रुग्णालयाने उपचारपद्धतीपेक्षा आपलं सॉफ्टवेअर, प्रशिक्षण पुस्तिका आणि भागीदाराबरोबरचा गोपनीयतेचा करार यांकडे आधी पाहावं.

आणि घाईने थेट परदेशात अर्ज करणाऱ्यांसाठी: भारतात राहणाऱ्या संशोधकाला त्याआधी पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी लागते, नाहीतर आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. पेटंट कायद्याचं ३९ वं कलम तसं सांगतं, आणि ते मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.