नवी गाडी सदोष निघाली तर? गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत सदोष मोटारींसाठी ‘लेमन लॉ’ हे स्वतंत्र कायदे आहेत. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सातारा-सांगलीच्या गाडीमालकालाही पुरेसे बळ देतो.

गैरसमज : गाडी पुण्यात घेतली, तर तक्रारही पुण्यातच.
वस्तुस्थिती : ग्राहक जिथे राहतो वा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कोरेगावच्या ग्राहकाने साताऱ्यात, तासगावच्या ग्राहकाने सांगलीत जावे.

गैरसमज : दोष निघाला की नवी गाडी मिळतेच.
वस्तुस्थिती : आयोग दुरुस्ती, बदली गाडी, पैसे परत किंवा भरपाई यांपैकी योग्य तो आदेश देतो. २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात दोष क्लचपुरता होता. सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. २०२२ मध्ये मात्र अपघातात एअरबॅग न उघडलेल्या ह्युंदाई मोटारीच्या ग्राहकाला गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. दोष उघड नसेल, तर आयोग प्रयोगशाळेतून तपासणी करून घेऊ शकतो.

गैरसमज : शोरूमची चूक म्हणजे कंपनीचीच.
वस्तुस्थिती : गोव्यात विक्रेत्याने २०११ ची म्हणून २००९ ची मोटार गळ्यात मारली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले. विक्रेता मात्र सुटला नाही. म्हणून तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करावे.

गैरसमज : पिकअप, टेम्पो ही धंद्याची वाहने, त्यांना हा कायदा नाही.
वस्तुस्थिती : स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेले, स्वतः चालवलेले वाहन असेल, तर मालक ग्राहकच ठरतो. नफ्यासाठी ताफा उभारणाऱ्याला ही सवलत नाही.

गैरसमज : वकील आणि फी परवडणार नाही.
वस्तुस्थिती : ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. बाजू स्वतः मांडता येते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

गैरसमज : शोरूमवाले ‘बघतो’ म्हणतायत, तोवर थांबू.
वस्तुस्थिती : तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोनच वर्षांची. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते.

गाडी वर्कशॉपला नेताना दर वेळी आपली तक्रार आपल्याच शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आयोगापुढे तोंडी तक्रारीपेक्षा हाच कागद उपयोगी पडतो.